३७४ : आमच्या घरातली एक जुनी पैज

मागच्या आठवड्यात इथे कोणीतरी यशवंत क्लबच्या मैदानाचा जुना फोटो टाकला आणि खाली विचारलं, "होळकर टीम कोणाला आठवते का?" खरं सांगायचं तर मला नाही आठवत. माझा जन्म १९६३ चा. तोवर होळकर टीम संपून आठ वर्षं झाली होती. पण आमच्या रामबागेतल्या घरात ती टीम रोज पानात वाढलेली असायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी बाबा म्हणायचे, "निंबाळकर नसलेली टीम." म्हणून लिहायला बसले. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

माझे आजोबा होळकर सरकारच्या हिशेब खात्यात कारकून होते. हिशेबाचा माणूस, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीची वही. दुधाची वेगळी, धोब्याची वेगळी, आणि एक लाल कापडी बांधणीची वही रणजी करंडकाच्या फायनलची. त्यात रकाने आखलेले: हंगाम, प्रतिपक्ष, गाव, कोण काय म्हणालं, निकाल. फायनल सुरू व्हायच्या आदल्या रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकानं आपलं भाकीत सांगायचं आणि आजोबांनी ते लिहून घ्यायचं. एकदा लिहिलं की बदलायचं नाही. पैशाची पैज चालायची नाही. हरणाऱ्यांनी मिळून सराफ्यातून शेरभर जिलबी आणायची, एवढंच.

एक पैज मात्र जिलबीपेक्षा मोठी होती. आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे बाबांची आत्या, गिरगावात दिलेली. तिचे यजमान पक्के मुंबईकर. होळकर आणि मुंबई समोरासमोर आले की दोघा मेहुण्यांमध्ये पत्रानं पैज लागायची. हरेल त्यानं आत्याच्या माहेरपणाचं येण्याजाण्याचं भाडं द्यायचं. तेव्हा मुंबईहून इंदुरात यायचं म्हणजे खांडव्याला गाडी बदलून, लहान गाडीनं घाट चढत. आत्या म्हणायची, कोणीही जिंका, मला काय, मी येणारच.

पण ही पैज नुसती गंमत नव्हती. गिरगावचे आतोबा पत्रात दर वेळी एक वाक्य हमखास लिहायचे, की मराठी माणसानं मुंबईच्या बाजूनं असावं, तुम्ही तिकडे राहून परके होत चाललात. आजोबांना हे फार लागायचं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलंय ना? "तुम्ही इंदूरचे का, मग मराठी जरा वेगळंच बोलता हो तुम्ही." आजोबांचं उत्तर ठरलेलं असायचं. आम्ही इथे दीडशे वर्षं आहोत, होळकरांचं मीठ खातो. आणि मराठी माणसंच मोजायची तर आमच्या टीममध्ये मोजा! चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड. शिवाय कर्नल सी. के. नायडू जन्मानं नागपूरचे, १९२३ मध्ये होळकर दरबारानं इंदुरात आणले आणि फौजेत हुद्दा दिला. मुश्ताक अली तर इंदूरचंच पोर. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय. आमचा मुश्ताक, असं आजोबा म्हणायचे. त्या 'आमचा'मध्ये भाषा, धर्म असलं काही येत नव्हतं.

आता वहीचं पहिलं पान. हंगाम १९४४-४५, प्रतिपक्ष मुंबई, गाव मुंबई, ब्रेबोर्न स्टेडियम. होळकरांची पहिलीच फायनल. घरातल्या सगळ्यांचं भाकीत होळकर. आजोबांच्या खात्रीचं एक कारण महूला होतं. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धामुळे फौजेत होता, त्याची नेमणूक महूच्या छावणीत होती, आणि त्या हंगामात तो होळकरांकडून खेळत होता. जगातला एवढा मोठा फलंदाज आपल्या शेजारच्या गावात येऊन राहिलाय, मग हरायचं कसं?

हरले. मुंबईनं पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईनं ७६४ चा डोंगर रचला, त्यात एकट्या विजय मर्चंटच्या २७८. होळकरांना जिंकायला ८६७ हव्या होत्या. आकडा परत वाचा, चूक नाही. आणि तरी ते लढले. मुश्ताक अलीनं दोन्ही डावांत शतकं केली, १०९ आणि १३९. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, पण समोरचे सोबती संपले. ४९२ वर डाव आटोपला. सहा दिवस, एकूण २०७८ धावा.

कॉम्प्टनची एक गोष्ट आमच्या घरात फार चवीनं सांगितली जायची. कुण्या धनिकानं त्याला शंभराच्या वरच्या प्रत्येक धावेला पैसे कबूल केले होते म्हणे. हा पठ्ठ्या २४९ काढून आला तर चिठ्ठी ठेवलेली, की तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय. गोष्ट खरी किती, तिखटमीठ किती, देव जाणे. आजोबांच्या मते तो शेठ मुंबईचा. आतोबांच्या मते इंदूरचा.

सामना संपल्यावर चारपाच दिवसांनी गिरगावहून पोस्टकार्ड आलं. "तीर्थस्वरूप", "शिरसाष्टांग", "इकडे सर्व क्षेम" यातलं काहीही नाही. कोऱ्या कार्डावर मधोमध फक्त एक आकडा:

३७४

मुंबई ३७४ धावांनी जिंकली होती. आजोबांनी ते कार्ड वहीत चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी आत्याच्या भाड्याची मनीऑर्डर केली. तेव्हापासून आमच्या घरात ३७४ हा आकडा निघाला की लोक लाकडाला हात लावतात. माझ्या लग्नात पाहुण्यांची यादी ३७४ झाली होती. बाबांनी शेजारच्या मारवाडी काकांच्या भाच्याला घालून ती ३७५ केली. तो मुलगा कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. जेवून गेला.

पुढच्याच वर्षी, १९४५-४६ मध्ये, दिवस फिरले. उपांत्य सामना म्हैसूरशी, इथेच यशवंत क्लबवर. होळकरांनी आठ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा जणांची शतकं: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. ते सांगायचे, दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी हजेरीच्या जागी ही सहा नावं घेतली आणि पोरांनी "हजर" म्हटलं.

फायनल बडोद्याशी. आणि इथे घरात फूट पडली, कारण आजीचं माहेर बडोदा. तिचे वडील गायकवाडांच्या चाकरीत होते. वहीत आजीच्या नावापुढे स्वच्छ लिहिलंय, "बडोदे". सून म्हणून घरात मान वर करून न बोलणारी बाई, पण हे एक वाक्य तिनं सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं. त्या फायनलमध्ये कर्नल नायडूंनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी २०० धावा केल्या आणि होळकर ५६ धावांनी जिंकले. पहिला करंडक. जिलबी एकट्या आजीच्या माथी आली. आजोबांनी तिच्या वतीनं गुपचूप आणली.

तिनं वचपा काढला तो वर्षभरात. १९४६-४७, परत बडोदा, या खेपेला बडोद्यालाच. होळकर २०२ मध्ये गारद. मग विजय हजारे आणि गुल महंमद चौथ्या जोडीला खेळायला उभे राहिले ते ५७७ धावांची भागी करूनच थांबले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकलं. बाबा सांगायचे, त्या आठवड्यात आजोबा घरात शब्द बोलत नव्हते आणि आजी स्वयंपाकघरात ओव्या म्हणत होती. निकालाच्या दिवशी तिनं श्रीखंड केलं. कशाबद्दल, असं विचारायची कोणाची टाप नव्हती. १९४९-५० च्या फायनलमध्येही बडोदा जिंकलं, म्हणजे आजीचा हिशेब तीनपैकी दोन. घरात सगळ्यात नेमकं भाकीत तिचंच. बाकीचे मन म्हणेल ते लिहीत होते, तीसुद्धा मन म्हणेल तेच लिहीत होती, पण तिच्या मनाची टीम बरी होती एवढंच.

मधल्या १९४७-४८ च्या फायनलचं पान सगळ्यात मळकं आहे, इतक्यांदा उलगडलंय. मुंबई इंदुरात आली आणि होळकरांनी तिला नऊ गडी राखून हरवलं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे, आजोबांबरोबर मैदानावर गेलेले. त्यांना धावा आठवत नव्हत्या. आठवायचं ते एवढंच, की शेवटी सगळे उठून उभे राहिले तेव्हा त्यांना काहीच दिसेना, आणि एका अनोळखी शिपायानं त्यांना काखेत हात घालून उचललं. घरी आल्यावर आजोबांनी पोस्टकार्ड घेतलं, मधोमध "९" लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. आत्या त्या उन्हाळ्यात गिरगावच्या पैशानं आली.

पुढचं भराभर सांगते. १९५०-५१ मध्ये गुजरातला इंदुरात हरवलं, १८९ धावांनी, सरवट्यांच्या २४६. १९५१-५२ मध्ये मुंबईला जाऊन ५३१ धावांनी सपाटून मार खाल्ला. (कार्ड आलं, पण ३७४ ची सर त्याला नाही.) १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला बंगालवर पहिल्या डावाच्या आघाडीवर विजय, चौथा आणि शेवटचा करंडक. १९५३-५४ मध्ये मुंबईनं इंदुरात येऊन आठ गडी राखून हरवलं. १९५४-५५ मध्ये मद्रासकडून, इंदुरातच, फक्त ४६ धावांनी हार.

अकरा हंगामांत दहा फायनल, चार करंडक. एवढ्याशा संस्थानाची टीम! आणि मद्रासच्या सामन्यानंतर ती टीमच संपली. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झालं होतं, नाव तेवढं क्रिकेटमध्ये उरलं होतं, तेही गेलं. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. आजोबांनी मद्रासच्या ओळीखाली रेघ मारली, हिशेबनीस वर्षाअखेर मारतात तशी दुहेरी रेघ, आणि वही माळ्यावर गेली. त्यांना मध्य प्रदेशाच्या टीमबद्दल विचारलं की म्हणायचे, "असेल." ते १९७१ मध्ये गेले.

वही खाली काढली ती बाबांनी, १९९९ च्या एप्रिलमध्ये. मध्य प्रदेश पहिल्यांदाच रणजीच्या फायनलला पोचला होता, बंगळूरला, कर्नाटकाविरुद्ध. कर्णधार चंद्रकांत पंडित. मुंबईचा माणूस आमचा कर्णधार, यावर गिरगावच्या शाखेनं पुष्कळ टोमणे मारले. आतोबा तोवर गेलेले, पण त्यांचा मुलगा, म्हणजे बाबांचा आतेभाऊ, आमचे डोंबिवलीचे काका, गादी चालवत होते. बाबा ६१ वर्षांचे, नुकतेच निवृत्त. त्यांनी दुहेरी रेघेखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मध्य प्रदेश".

कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पंचाहत्तरची आघाडी! फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात पुढे असलेला जिंकतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. बाबांनी आघाडी मिळाल्याच्या संध्याकाळी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. मी सांगत होते, बाबा, जरा थांबा. त्यांचं म्हणणं, आता फक्त टिकून राहायचंय, एवढं तर कोणीही करेल. शेवटच्या दिवशी २४७ हव्या होत्या, किंवा नुसतं उभं राहायचं होतं. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव १५० वर कोसळला. ९६ धावांनी हार.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. तुम्ही म्हणाल, क्रिकेटसाठी एवढं काय? पण ते क्रिकेट नव्हतं हो. चव्वेचाळीस वर्षांनी वही उघडली होती, वडिलांच्या रेघेखाली लिहिलं होतं, आणि गल्लीत पेढे वाटून बसले होते. दुसऱ्या दिवशी समोरचे भिया लोक ओटल्यावरून सहज विचारायचे, "काका, पेढे किस बात के थे?" बाबांनी ठरवून टाकलं की आपण लिहिलं की टीम हरते. त्यानंतर ते कुठल्याच सामन्याचं भाकीत करेनात. निवडणुकीचंही नाही.

मध्ये एक गोड प्रसंग झाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७ च्या जानेवारीत रणजीची फायनल आपल्या होळकर स्टेडियमवर होती, मुंबई विरुद्ध गुजरात. डोंबिवलीचे काका खास आले. गुजरातला जिंकायला ३१२ हव्या होत्या, आणि रणजी फायनलमध्ये एवढं लक्ष्य कोणी कधी गाठलं नव्हतं. काकांनी ब्रह्मवाक्य उच्चारलं, "इथून मुंबई हरत नाही." बाबा गप्प. पार्थिव पटेलनं १४३ काढल्या आणि गुजरात पाच गडी राखून जिंकलं. गुजरातची त्याआधीची एकमेव फायनल म्हणजे १९५०-५१ ची, आमच्या वहीतली, याच गावात होळकरांशी हरलेली. घरी आल्यावर बाबांनी ते पान काढून काकांना दाखवलं आणि म्हणाले, "सहासष्ट वर्षांनी येऊन फेडून गेले बघ." पुढच्याच वर्षी विदर्भानं पहिला करंडक जिंकला तोही इथेच, दिल्लीला हरवून, १ जानेवारी २०१८ ला. त्यांचा प्रशिक्षक कोण? तेच चंद्रकांत पंडित. बाबा म्हणाले, या माणसाचं आपल्याकडे काहीतरी राहिलंय.

आणि मग २०२२ चा जून. पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक. फायनल बंगळूरला, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. आणि समोर मुंबई, ४१ वेळा जिंकलेली.

बाबा ८४, गुडघे गेलेले, दादाकडे रामबागेतच. काका ८१, डोंबिवलीत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काकांचा फोन आला, "वही काढ. ही शेवटची." बाबा म्हणाले, मी लिहीत नाही, मी लिहिलं की हरतात. काका म्हणाले, "मग चिठ्ठी लिही आणि मिटून ठेव. पण लिही. कोणाशी पैज लावू मी आता? पोरांना कॉम्प्टन कोण ते माहीत नाही." काकांचं अर्थातच मुंबई.

बाबांनी चिठ्ठी लिहिली, चौपट घडी घालून देवघरात गणपतीखाली ठेवली.

माझा मुलगा तेव्हा वीसचा. तो बास्केटबॉलवाला, लहानपणापासून रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये पडीक. अमेरिकेतल्या फायनलसाठी पहाटे उठणारा. थोड्याच दिवसांपूर्वी गोल्डन स्टेटनं बोस्टनला हरवलं होतं आणि याचं भाकीत बरोबर आलं होतं, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. त्यानं पणजोबांची वही मागून घेतली आणि एक गोष्ट काढली जी आम्हाला कोणाला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. म्हणाला, "आजोबा, तुमचे होळकर इंदुरात पाच फायनल खेळले, तीन जिंकले. बाहेर पाच खेळले, फक्त कलकत्त्याची जिंकले. बास्केटबॉलमध्येपण सातव्या निर्णायक सामन्यात घरच्या मैदानावरची टीम जास्त वेळा जिंकते. बंगळूर कोणाचंच घर नाही. म्हणजे मुंबईला तो फायदा नाही. मी मध्य प्रदेश लिहितो." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आजोबांनी आजीकडे पाहिलं असेल. मग म्हणाले, "टीममध्ये कोण आहे ते तरी बघ. वेंकटेश अय्यर आणि आवेश खान, आपल्या इंदूरचे दोन्ही, भारताबरोबर आयर्लंडला गेलेत." "पाटीदार आहे ना," पोरगा म्हणाला. रजत पाटीदार आपल्याच गावचा. महिन्याभरापूर्वी आयपीएलच्या बाद फेरीत ११२ नाबाद काढलेल्या.

पहिल्या दिवशी मुंबई पाच बाद २४८. दुसऱ्या दिवशी सरफराज खान खेळत राहिला, १३४. जेवणं झाली होती, बाहेर पावसाची भुरभुर, बाबा आरामखुर्चीत. मुंबईचा डाव संपला. टीव्हीच्या कोपऱ्यात आकडा आला.

३७४.

मी शपथेवर सांगते, खोलीत कोणी बोललं नाही. दादानं टेबलाला हात लावला. टेबल सनमायकाचं होतं, तो उठून दाराच्या चौकटीला लावून आला. आणि दोन मिनिटांत बाबांच्या फोनवर डोंबिवलीहून निरोप. मजकूर काही नाही, नुसता आकडा. ७७ वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी कार्डावर लिहिला होता तोच.

बाबा बराच वेळ फोनकडे बघत होते. मला वाटलं चिडले. नाही, हसत होते. म्हणाले, "डायलिसिसच्या पलंगावरून पाठवलाय गाढवानं."

तिसऱ्या दिवशी यश दुबे आणि शुभम शर्मा, दोघांची शतकं, १३३ आणि ११६. संध्याकाळी तीन बाद ३६८. म्हणजे ३७४ ला सहा कमी. ती रात्र काही संपेना. चौथ्या दिवशी सकाळी पोहे करत होते तोवर आघाडी मिळाली. पाटीदारचं शतक झालं, १२२. सारांश जैनच्या ५७. एकूण ५३६, आघाडी १६२ ची. दादानं चप्पल घातली, छप्पनला जाऊन मिठाई आणतो म्हणून. बाबा खुर्चीतून ओरडले, गेल्या दहा वर्षांत त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता: "पाय बाहेर टाकलास तर बघ! पंचाहत्तरची होती तेव्हाही वाटले होते पेढे!" दादानं चप्पल काढली.

रविवार, २६ जून. मुंबई २६९, कुमार कार्तिकेयचे चार बळी. १०८ हव्या होत्या. चार गडी गेले आणि झाल्या. सहा गडी राखून. टीव्हीवर चंद्रकांत पंडित डोळे पुसताना दिसले. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर कर्णधार म्हणून हरलेला माणूस. आणि इथे आरामखुर्चीत तेवीस वर्षं गप्प बसलेला आमचा.

खाली गल्लीत फटाके लागले होते, समोरचे भिया वर येऊन "काका, अब तो पेढे बनते हैं" म्हणून बसले होते. मुलगा देवघरातून चिठ्ठी घेऊन आला. बाबा म्हणाले, राहू दे. त्यानं उघडलीच.

"मुंबई."

"आजोबा! तुम्ही मुंबई लिहिलंत?"

"मी लिहिलं की हरतात," बाबा म्हणाले.

काकांना फोन लावला तर ते आधी निकालाबद्दल बोलेचनात. मग चिठ्ठीचं कळल्यावर एकदम भडकले. ही फसवणूक आहे, दोघांनी एकच टीम लिहिली तर पैज कुठली, भाडं कोणी द्यायचं, आमच्या बापाच्या वेळी असं नव्हतं. बाबा शांतपणे म्हणाले, "दोघेही हरलो ना? अर्धं अर्धं." आणि मग जरा थांबून, "ये तू. इथे पण डायलिसिसची सोय आहे. मी चौकशी केलीये." ती चौकशी त्यांनी कधी केली होती, आम्हाला पत्ता नव्हता.

काका ऑक्टोबरमध्ये अवंतिका एक्स्प्रेसनं आले, दहा दिवस राहिले. दादानं दोघांना गाडीत घालून यशवंत क्लबच्या भिंतीपाशी नेलं. उतरले नाहीत. काचा खाली करून बसले. बाबा बोट दाखवून सांगत होते, शिपायानं मला उचललं ते तिथे. काका म्हणाले, तुझा हात हलतोय, तिथे म्हणजे कुठे? पुढच्या मार्चमध्ये काका गेले, आणि त्यानंतर सव्वा वर्षानं बाबा.

वही आता माझ्याकडे आहे. २०२१-२२ ची ओळ बाबांनी स्वतः लिहिलीये, अक्षर फार वाकडं. भाकीत या रकान्यात "मुंबई", पुढे कंसात "चूक". निकालाच्या रकान्यात "मध्य प्रदेश, ६ गडी". खाली रेघ मारलेली नाही.

जाता जाता एक विचारायचं होतं. १९५३-५४ च्या पानावर, मुंबई जिंकली त्या वर्षी, घरच्या नावांखाली एक पाहुण्यांची नोंद आहे: "शनिगल्लीचे मास्तर – मुंबई". घरातले सगळे होळकर, ते एकटेच मुंबई, म्हणजे जिंकले तेच. पुढे आजोबांच्या अक्षरात आहे, "जिलबी देणे बाकी". हे मास्तर कोणाचे आजोबा-पणजोबा असतील तर कृपया कळवा. सराफ्यातली चालेल ना?